लांडग्यांचे भजनी मंडळ

स्मरणिकेत मी आजवर एकदाच लिहिले आहे, आणि तेही टॅक्स भरताना घ्यायची काळजी या विषयावर. तो लेख कोणी वाचला असेल असे वाटत नाही. माझ्या बायकोने तर नक्कीच नाही. या वर्षी संपादक मंडळाचा फोन आला तेव्हा मी म्हटले, लिहितो, पण विषय जरा वेगळा आहे, एका मेक्सिकन-अमेरिकन बँडबद्दल लिहायचे आहे. पलीकडे क्षणभर शांतता पसरली. मग उत्तर आले, "चालेल, पण शेवटी आपल्याकडे वळवा हं." मंडळी, वळवायची गरजच पडली नाही. विषय आपणहून आमच्या हॉलमध्ये येऊन बसला आहे.

२००४ साली एम.एस. आटोपून मी नोकरीसाठी लॉस एंजेलिसला आलो. माझ्या शेजारच्या क्युबिकलमध्ये डेटाबेस सांभाळणारा एक गृहस्थ बसायचा. जन्म, शाळा, लग्न, सगळे पूर्व लॉस एंजेलिसमध्ये. आईवडील मेक्सिकोतून आलेले. आमची मैत्री डब्यावरून जमली. त्याने लाटलेला टॉर्टिया आणि मी लाटलेली पोळी समोरासमोर ठेवून आम्ही बरेच संशोधन केले, आणि दोघांच्याही आयांनी हे पाहिले असते तर कपाळाला हात लावला असता, या निष्कर्षाला आलो. एकदा त्याने सहज विचारले, "तुझे वडील घरी कोणते संगीत ऐकायचे?" मी म्हटले, "ऐकायचे नाहीत, वाजवायचे," आणि विषय बदलला. का बदलला ते पुढे येईलच.

दुसऱ्या दिवशी त्याने एक सीडी माझ्या हातात ठेवली. 'ला पिस्तोला ई एल कोराझोन', म्हणजे पिस्तूल आणि हृदय. बँडचे नाव लॉस लोबोस, म्हणजे लांडगे. त्या दोन नावांवरून मी कल्पना केली की आता कानठळ्या बसणार. संध्याकाळी गाडीत लावली तर निघाली तारांची लोकवाद्ये, ॲकॉर्डियन आणि खड्या आवाजातली गाणी. शब्द एकही कळत नव्हता. फ्रीवेवर नेहमीप्रमाणे सगळे गोगलगायीच्या गतीने चालले होते, आणि मला मात्र आमच्या गावच्या विठ्ठल मंदिराच्या ओट्यावर बसल्यासारखे वाटत होते. तेव्हापासून वीस वर्षे मी या लांडग्यांच्या मागे आहे.

त्यांची गोष्ट थोडक्यात सांगतो. डेव्हिड हिडाल्गो आणि लुई पेरेझ ही दोन मुले पूर्व लॉस एंजेलिसच्या गारफिल्ड हायस्कूलमध्ये भेटली. (आपल्यातल्या बऱ्याच जणांनी मुलांना धाक म्हणून 'स्टँड अँड डिलिव्हर' हा १९८८ चा सिनेमा दाखवला असेल. कॅल्क्युलस शिकवणारे एस्कालान्ते सर याच शाळेतले.) पुढे सीझर रोझास आणि कॉनराड लोझानो येऊन मिळाले. १९७३ साली बँड सुरू झाला. ही सगळी पोरे विशीतली, रॉक वाजवत वाढलेली. त्यांच्या वस्तीतले दिवसही साधे नव्हते. १९६८ च्या मार्चमध्ये तिथल्या शाळांतली हजारो मुले वर्ग सोडून रस्त्यावर आली होती. शाळेत स्पॅनिश बोलले म्हणून शिक्षा होते, ही त्यांच्या तक्रारींपैकी एक. १९७० च्या ऑगस्टमध्ये व्हिएतनाम युद्धाविरुद्ध मोठा मोर्चा निघाला आणि त्या दिवशीच्या दंगलीत रुबेन सालाझार हे नामवंत पत्रकार पोलिसांच्या अश्रुधुराच्या नळकांड्याने मारले गेले. आपण कोण, हा प्रश्न त्या पिढीला निबंधाच्या तासाला पडलेला नव्हता.

आता अशा वेळी चार रॉकवाल्या पोरांनी काय करावे? त्यांनी गिटारचे अँप्लिफायर बाजूला ठेवले आणि आईवडिलांच्या जुन्या रेकॉर्ड्स काढल्या. लहानपणी घरात वाजत असलेले, ज्याकडे कधी लक्ष दिले नव्हते ते संगीत. ते वाजवायला गेले आणि लक्षात आले की हे प्रकरण वाटले तितके सोपे नाही. व्हेराक्रूझ भागातल्या 'सोन हारोचो'चा ठेका वेगळा, उत्तरेकडच्या 'नोर्तेन्यो'ची चाल वेगळी. खाराना, रेकिंतो, विहुएला, पोटाला टेकवून वाजवायचा भला थोरला गिटारोन, अशी एकेक वाद्ये ते शिकत गेले. सुरुवातीच्या वर्षांत त्यांच्यात फ्रान्सिस्को गोन्झालेझ नावाचे आणखी एक जण होते. ते नंतर बाहेर पडले आणि पुढे याच लोकवाद्यांच्या तारा बनवायच्या कामात रमले. मला या माणसाबद्दल फार आदर वाटतो. आमच्या गावात पखवाजाला शाई भरून देणारा माणूस गेला तेव्हा अर्धे भजन थंडावले होते, ते मी पाहिले आहे.

जवळजवळ आठ-दहा वर्षे हे लोक लग्नात, बारशात, पार्कमध्ये, मेक्सिकन रेस्टॉरंटात वाजवत राहिले. १९७८ साली त्यांनी स्वतःच एक रेकॉर्ड काढली. तिच्या नावात चक्क लिहिले होते, पूर्व लॉस एंजेलिसचा आणखी एक बँड. म्हणजे आपलीच थट्टा. हे मला फार मराठी वाटते.

आणि मग १९८० साली ऑलिम्पिक ऑडिटोरियममधली ती रात्र आली. ब्रिटिश पंक गायक जॉनी लायडनच्या 'पब्लिक इमेज लिमिटेड'चा कार्यक्रम होता आणि त्यांच्या आधी वाजवायला लॉस लोबोसना बोलावले होते. हॉल पंक पोरांनी खचाखच भरलेला. हे बिचारे आपली लोकवाद्ये घेऊन मंचावर बसले. थोड्याच वेळात शिव्या, थुंकी आणि हाताला येईल ती वस्तू मंचावर येऊ लागली. त्यांना आवरते घ्यावे लागले. आणि प्रेक्षागृहात घरची माणसेही होती.

ही हकीकत मी पहिल्यांदा वाचली तेव्हा लॅपटॉप बंद करून बाहेर जाऊन उभा राहिलो. कारण ती रात्र मला माहीत होती. फक्त त्या रात्री मी मंचावर नव्हतो, प्रेक्षकांत होतो.

साल १९९८. माझे इंजिनियरिंगचे दुसरे वर्ष. होस्टेलच्या गणपतीत पाचव्या दिवशी भजन ठेवायची रेक्टरांची प्रथा होती. आमचे गाव कॉलेजपासून एस.टी.ने दीड तासावर, आणि त्या वर्षी भजनाला आमच्याच गावचे मंडळ येणार, हे मला दोन दिवस आधी कळले. आमचे अण्णा, म्हणजे वडील, एस.टी.त कंडक्टर. सकाळची ड्यूटी आटोपून आले की जेवायचे, जरा पडायचे आणि संध्याकाळी पखवाज घेऊन देवळात. पखवाजाच्या डाव्या पुडीला कणीक लावावी लागते. आई रोज संध्याकाळी पोळ्यांच्या कणकेतला एक गोळा काढून ओल्या फडक्यात बांधून द्यायची. लहानपणी मला वाटायचे की सगळ्यांच्याच घरी एक पोळी देवाची असते, एक गाईची आणि एक पखवाजाची.

तर मंडळ आले. सात-आठ माणसे, पांढरे सदरे, टोप्या. आदल्या रात्री त्याच मंचावर ऑर्केस्ट्रा झाला होता आणि पोरांनी ब्रायन ॲडम्सच्या गाण्यांवर खुर्च्या मोडल्या होत्या. रामकृष्ण हरीचा गजर संपेपर्यंत सगळे ठीक होते. मग मागून शिट्टी आली. मग 'वन्स मोअर'. आता 'वन्स मोअर' कोणत्या सुरात ओरडले म्हणजे त्याचा अर्थ उलटा होतो, ते ज्यांनी गॅदरिंग केले आहे त्यांना सांगायला नको. कोणीतरी कागदाचे विमान सोडले. ते पेटीवर जाऊन पडले. अण्णा डोळे मिटून वाजवत होते. माझ्या शेजारच्या पोराने मला कोपराने ढोसले, "ए, तो पखवाजवाला बघ कसा डोलतोय. तुमच्याच गावचे ना रे? कोण आहे?"

मी म्हणालो, "माहीत नाही."

दोनच शब्द. कार्यक्रम संपला, मंडळी मेसमध्ये जेवली आणि शेवटच्या एस.टी.ने गेली. अण्णा माझ्या खोलीकडे आले नाहीत. रात्री रेक्टरांच्या शिपायाने एक डबा आणून दिला, "तुझ्या वडिलांनी ठेवलाय." त्यात आईने केलेले बेसनाचे लाडू होते. तो डबा पाहून माझ्या खोलीतल्या पोराला काय कळायचे ते कळले. तो भला होता, काही बोलला नाही. अण्णाही त्या विषयावर पुढे वीस वर्षांत एकदाही बोलले नाहीत. मी विचारायला हवे होते, की नको होते, ते मला अजून ठरवता आलेले नाही.

असो. लांडग्यांकडे परत येतो.

एवढी नाचक्की झाल्यावर त्यांनी लोकसंगीत सोडून दिले असते तर कोणी नावे ठेवली नसती. त्यांनी केले ते वेगळेच. विजेची गिटारे पुन्हा बाहेर काढली, पण ॲकॉर्डियन खाली ठेवला नाही. त्याच पंक क्लबांतून वाजवू लागले, आणि पोरे नाचू लागली. 'ब्लास्टर्स' नावाच्या बँडने त्यांना हात दिला. त्या बँडचा सॅक्सोफोनवाला स्टीव्ह बर्लिन, हा फिलाडेल्फियाचा, पुढे १९८४ च्या सुमारास यांच्यातच येऊन राहिला. १९८३ मध्ये त्यांची छोटी रेकॉर्ड आली, तिच्यातल्या 'आन्सेल्मा' या नोर्तेन्यो गाण्याला ग्रॅमी मिळाले. १९८४ मध्ये 'हाउ विल द वुल्फ सर्व्हाइव्ह?' आली. लांडगा कसा तगणार, हा प्रश्न त्यांना नॅशनल जिऑग्राफिकमधल्या एका लेखावरून सुचला होता. लांडगा कोण, हे ऐकणाऱ्याला सांगावे लागत नाही.

इथे ॲकॉर्डियनबद्दल दोन शब्द लिहिल्याशिवाय राहवत नाही. आज हे वाद्य मेक्सिकन म्हणून ओळखले जाते, पण टेक्सास आणि उत्तर मेक्सिकोत ते आणले जर्मन आणि मध्य युरोपातून आलेल्या लोकांनी. आपली पेटीही अशीच युरोपातून आली. ती अस्सल नाही म्हणून १९४० साली आकाशवाणीने तिच्यावर बंदी घातली आणि ती तीसेक वर्षे टिकली. त्या तीस वर्षांत महाराष्ट्रातल्या एका तरी देवळातली पेटी बंद पडली असेल का? अस्सल काय आणि उसने काय हे समित्या ठरवत बसतात, तोवर वाद्य कोणाच्या तरी मांडीवर वाढत असते.

मग १९८७ साल. रिची व्हॅलेन्सच्या आयुष्यावर 'ला बाम्बा' सिनेमा आला. रिचीचे खरे आडनाव व्हॅलेन्झुएला. रेकॉर्ड खपावी म्हणून कापून व्हॅलेन्स केले. (आपल्याकडे सिद्धार्थचा सिड होतो, तसेच.) लॉस एंजेलिसच्याच पकोइमाचा पोरगा, स्पॅनिश जेमतेम येणारा. १९५८ मध्ये त्याने 'ला बाम्बा' हे व्हेराक्रूझचे जुने लोकगीत रॉक करून गायले आणि ३ फेब्रुवारी १९५९ ला विमान अपघातात सतराव्या वर्षी गेला. मूळ गाणे तिकडे लग्नात वाजते. नवराबायको नाचता नाचता फक्त पायांनी रिबिनीची गाठ मारतात. सिनेमासाठी ते लॉस लोबोसनी गायले आणि ते अमेरिकेत तीन आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. स्पॅनिश गाणे, एक शब्द इंग्रजी नाही, १९८७ साल!

एवढे यश मिळाल्यावर कंपनीला काय हवे असते ते आपण कन्सल्टिंगवाले चांगलेच जाणतो. तेच पुन्हा, दुसऱ्या रंगात. या लोकांनी १९८८ मध्ये दिले काय, तर 'ला पिस्तोला ई एल कोराझोन', तीच माझ्या हातात पुढे पडलेली सीडी. पूर्ण स्पॅनिश, पूर्ण लोकवाद्यांची. धंद्याच्या हिशेबाने शुद्ध वेडेपणा. माझ्या मते त्यांच्या आयुष्यातला सर्वात शहाणपणाचा निर्णय. तिलाही ग्रॅमी मिळाले, पण ते नसते मिळाले तरी माझे मत तेच राहिले असते.

१९९२ चा 'कीको' समीक्षक त्यांचा सर्वोत्तम अल्बम मानतात. मला तो कळायला पाच वर्षे लागली. १९९५ मध्ये त्यांनी लालो गरेरो या ज्येष्ठ गायकाला बरोबर घेऊन लहान मुलांसाठी 'पापाज ड्रीम' केला. तो आमच्या घरी डायपरच्या काळात इतका वाजला, की बायकोने अखेर सीडी लपवून ठेवली. २०२१ मध्ये 'नेटिव्ह सन्स' आला. त्यात त्यांनी आपल्या गावच्या, म्हणजे लॉस एंजेलिसच्या, इतर लोकांची गाणी गायली आणि फक्त एक आपले घातले. त्याला २०२२ चे ग्रॅमी मिळाले, ते अमेरिकाना या विभागात. सुरुवातीचे ग्रॅमी मेक्सिकन-अमेरिकन म्हणून होते.

२०२३ मध्ये बँडला पन्नास वर्षे झाली. पहिले चौघे आणि ‘नवा’ बर्लिन, तीच पाच नावे. आपल्या मंडळात कार्यकारिणी दोन वर्षे टिकली तर आपण पेढे वाटतो. आणि गंमत पहा, डेव्हिड हिडाल्गोचा मुलगा, त्याचेही नाव डेव्हिडच, कुठे ड्रम वाजवतो? 'सोशल डिस्टॉर्शन' या पंक बँडमध्ये.

आता आमच्या हॉलमध्ये. माझी लेक सोळा वर्षांची आहे आणि हायस्कूलच्या बँडमध्ये बेस गिटार वाजवते. मराठी शाळा तिने सहावीत सोडली. गणपतीच्या कार्यक्रमाला नऊवारी नेसून नाचायचे दोन वर्षांपूर्वी तिने साफ नाकारले. आम्ही ओढाताण केली, दारे आपटली गेली, तपशील नको. या वसंत ऋतूत तिच्या बँडने 'ला बाम्बा' बसवायला घेतले. एका रात्री ती लॉस लोबोसचे मूळ रेकॉर्डिंग ऐकत होती. ज्यांनी ते शेवटपर्यंत ऐकले आहे त्यांना ठाऊक असेल, रॉक संपत येतो, विजेची वाद्ये गळून पडतात आणि शेवटी नुसत्या लोकवाद्यांवर तेच गाणे जुन्या चालीत वाजत विरून जाते.

"बाबा, लास्टला हे काय आहे? दुसरं साँग मिक्स झालंय का?"

"दुसरं नाही. तेच आहे. आधी ते तसंच होतं."

ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "आबा काय वाजवायचे? मला ते प्ले करता येईल?"

आबा २०१८ मध्ये गेले. मी फोन काढला, ड्राइव्ह शोधला, जुना लॅपटॉप उघडला. आयुष्यभर मी लोकांचा डेटा बॅकअप करायचे पैसे घेत आलो. अण्णांच्या पखवाजाचे माझ्याकडे निघाले ते २०१६ चे चाळीस सेकंदांचे एक क्लिप. त्यात बराच वेळ देवळाचा पंखा दिसतो आणि आई मोठ्याने विचारते, "झालं का रे सुरू?" पखवाज त्याच्या मागे कुठेतरी. लेकीने ते तीनदा ऐकले आणि म्हणाली, "पण गाणं कोणतं?" मला चाल गुणगुणता येईना. वीस वर्षे रोज संध्याकाळी कानावर पडलेली चाल.

शेवटी गावच्या पेटीवाल्या काकांना फोन लावला. आता ऐंशीच्या घरात आहेत. आमची शनिवारची संध्याकाळ, त्यांची रविवारची सकाळ. मी कसेबसे सांगितले की नात शिकायचे म्हणतेय. तिकडून नुसता हसण्याचा आवाज, मग खोकला, मग पेटी ओढल्याचा आवाज. "काळी चारात गायचो रे आम्ही. आता काळी एकावर आलोय." लेकीने मला विचारले, काळी एक म्हणजे काय. मी म्हटले, सी शार्प. एवढे तरी मला येत होते.

फोनवरून एकत्र वाजवता येत नाही, आवाज पोचायला वेळ लागतो. मी तिला लेटन्सी समजावू लागलो तर तिनेच गप्प बसवले. काका एक ओळ म्हणायचे, थांबायचे, ती बेसवर शोधायची. तिसऱ्या ओळीला माझ्या पाठीतून काहीतरी सरकत गेले. मी विचारले, "काका, ही चाल..."

"तुझ्या होस्टेलात म्हटली होती तीच. आठवतंय?"

मला बोलता येईना. काकाच पुढे म्हणाले, "लई दंगा केला बघ पोरांनी. आमच्यातले दोघंतिघं चिडले होते, अर्ध्यात उठू या म्हणत होते. पण परतताना एस.टी.त तुझा बाप काय म्हणाला सांगू? म्हणाला, माझं पोरगं मागं उभं होतं, पण शेवटपर्यंत हाललं नाही."

मी उभा होतो, हे खरे आहे. का उभा होतो ते मला माहीत नाही.

लेकीला यातले निम्मे कळले असेल. ती बेसवरून मान न उचलता म्हणाली, "काका आजोबा, तो सेकंड पार्ट माझा चुकतोय. वन्स मोअर?"

"घाई करते गं तू, लेकी," काका म्हणाले. "पखवाजाला जागा ठेव की." आणि त्यांनी भाता ओढला.